प्रक्रिया नावाची पाटी

पडेगावात ‘प्रक्रिया’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सगळ्या औरंगाबाद शहराची कचराकोंडी झाली. मार्चमध्ये आमच्या शेजारच्या मिटमिट्यात कचऱ्यावरूनच दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. पुढे जिथे कचऱ्यावर प्रक्रिया करायचे ठरले, त्या यादीत चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी यांच्या जोडीला पडेगावही आले. तेव्हापासून घंटागाडी दारात आली की ओला वेगळा, सुका वेगळा, हे आमच्या घरातल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

त्याच दिवसांत मी एक इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो होतो. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे, १९२९ सालचे. नाव मराठीत आणायचे तर ‘प्रक्रिया आणि वास्तव’. बाहेर घंटागाडीचे गाणे आणि आत हे जाडजूड पुस्तक. दोन्हीकडे शब्द एकच. तेव्हा हसू आले होते. नंतर जसजसा या विचाराचा माग काढत गेलो, तसतसे लक्षात आले की त्यात हसण्यासारखे काही नव्हते. उलट पुस्तकातली एक अवघड गोष्ट मला घंटागाडीनेच समजावली. ती शेवटी सांगतो.

व्हाइटहेडचे ‘विज्ञान आणि आधुनिक जग’ हे पुस्तक १९२५ चे. म्हणजे २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. या शतकात विज्ञान आणि धर्म यांच्यात पूल बांधू पाहणारा हा विचार जगात कुठे कुठे गेला, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. मला पाहायचे होते ते एवढेच, की तो आपल्या अंगणातून गेला का, आणि गेला तर कोणत्या वाटेने.

‘मी होतो’

विचार सांगायला सोपा आहे. पचायला वेळ लागतो. आपण समजतो की जग वस्तूंचे बनलेले आहे आणि त्या वस्तूंचे अधूनमधून काहीतरी होते. दगड आहे, तो झिजतो. माणूस आहे, तो म्हातारा होतो. आधी ‘असणे’, मग ‘होणे’. हा विचार क्रम उलटा लावतो. मुळात आहे ते घडणे. घडण्याचा जो भाग बराच काळ एका घाटात टिकतो, त्याला आपण सोयीसाठी वस्तू म्हणतो.

मराठी माणसाला हे फार परके वाटू नये. ‘मी तिथे होतो’ म्हटले की भूतकाळ. ‘मी मोठा होतो’ म्हटले की वर्तमानकाळ, तोही बदलाचा. ‘असणे’चा भूतकाळ सांगायची वेळ आली तेव्हा आपल्या भाषेने रूप घेतले ते ‘होणे’चे. आपण नुसते असतो ते आताच्या क्षणापुरते. क्षण सरला की भाषा आपले असणे होण्याच्या खात्यात टाकते.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी इजिप्तमधून आणलेला एक प्राचीन दगडी स्तंभ आहे. लोक त्याला क्लिओपात्राची सुई म्हणतात. व्हाइटहेडने १९२० च्या ‘निसर्गाची संकल्पना’ या पुस्तकात त्याच स्तंभाकडे बोट दाखवले. नदीकाठच्या धुरात काळवंडणारा, कण कण गमावणारा हा दगड म्हणजे सतत चालू असलेली घटना आहे, असे त्याचे म्हणणे. आम्हाला त्यासाठी थेम्सपर्यंत जायला नको. पडेगावातून दौलताबादच्या रस्त्याला लागले की समोर देवगिरीचा डोंगर दिसतो. स्थिर म्हणजे काय हे कुणाला दाखवायचे तर याच्याइतके दुसरे उदाहरण नाही. पण हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. थरावर थर साचला, थंड झाला, पुढे झिजला, आणि त्याचीच काळी माती होऊन तिच्यात कापूस उगवू लागला. डोंगर, माती आणि कापूस या तीन वस्तू आपल्याला दिसतात. घडणे एकच आहे.

गणिताचा माणूस देवाकडे कसा आला

व्हाइटहेड मूळचा गणिती. जन्म १८६१ चा. बर्ट्रांड रसेलबरोबर त्याने १९१० ते १९१३ या काळात ‘प्रिंकिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड लिहिले. सगळे गणित तर्काच्या पायावर उभे करण्याचा तो खटाटोप होता. दरम्यान पदार्थविज्ञानात पायाच हलला. न्यूटनच्या जगात पदार्थाचा कण एका ठिकाणी, एका क्षणी, इतरांशी संबंध नसतानाही सुखाने ‘असू’ शकत होता. विद्युतचुंबकीय क्षेत्र, सापेक्षता आणि मग क्वांटम सिद्धांत आल्यावर असा एकटा, स्वयंपूर्ण कण उरला नाही. शास्त्रज्ञ नवी समीकरणे मांडत होते. बोलताना मात्र जुन्या कणांचीच भाषा वापरत होते. व्हाइटहेडचे म्हणणे असे, की समीकरणे बदलली आहेत तर जगाचे चित्रही बदला.

दुसरी खंत त्याहून खोल होती. विज्ञानाने निसर्गाची दोन शकले केली होती. एका बाजूला रंग नसलेले, वास नसलेले रेणू, आणि दुसऱ्या बाजूला मावळतीची लाली, जी म्हणे फक्त आपल्या डोक्यात असते. पहिले शकल विज्ञानाचे, दुसरे कवींचे आणि धर्माचे. ही वाटणी त्याला मान्य नव्हती. आपणच विचाराच्या सोयीसाठी काढलेल्या सारांशाला आपण खरी वस्तू समजून बसतो, ही चूक त्याने वारंवार दाखवून दिली. गावाचा नकाशा हातात घेऊन ‘गाव किती सपाट आहे’ म्हणावे, तशी ही चूक.

१९१८ मध्ये त्याचा धाकटा मुलगा एरिक युद्धात विमान चालवताना मारला गेला. १९२४ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, तो हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकवायला गेला. १९२६ मध्ये त्याने धर्मावर पुस्तक लिहिले, आणि १९२७-२८ मध्ये एडिनबरोला गिफर्ड व्याख्याने दिली. तीच पुढे ‘प्रक्रिया आणि वास्तव’ झाली. ती इतकी दुर्बोध होती की सुरुवातीचा भरलेला वर्ग शेवटी बोटांवर मोजण्याइतका उरला, असे सांगतात.

त्यात त्याने देव आणला, पण हा देव निराळा. तो हुकूम सोडत नाही, जग एका फटक्यात निर्माण करत नाही. तो प्रत्येक घडत्या क्षणापुढे चांगल्या शक्यता ठेवतो आणि वाट पाहतो. शिवाय जगात जे घडते त्याचा त्याच्यावरही परिणाम होतो. कुणाचे दुःख वाया जात नाही, ते त्याच्यात जमा होते. अचल, अविकारी, सर्वशक्तिमान देवाची सवय असलेल्या युरोपीय धर्मशास्त्राला हे पेलेना. जनाबाईबरोबर जात्यावर बसणाऱ्या देवाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला ते तितके अवघड जात नाही. अर्थात गोष्ट आणि सिद्धांत एक नव्हेत. पण एखादी गोष्ट सिद्धांताला कानात जागा करून देते, एवढे खरे.

व्हाइटहेड हार्वर्डला होता त्याच वर्षांत तिथे एक मराठी घर बौद्ध विचारात बुडालेले होते. गोव्यातून बुद्धाच्या शोधात बाहेर पडलेले धर्मानंद कोसंबी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी पुन्हा पुन्हा हार्वर्डला जात. त्यांचे चिरंजीव दामोदर १९२९ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. ‘प्रक्रिया आणि वास्तव’ प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी. आपले तत्त्वज्ञान युरोपीय विचारापेक्षा भारतीय आणि चिनी विचाराच्या काही धारांना जवळचे आहे, असे त्यात व्हाइटहेडने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. आत्मा नावाचा टिकाऊ पदार्थ नाही, क्षणामागून क्षण उगवतात आणि एकमेकांना जन्म देऊन मावळतात, हे बुद्धघोषाचे पान आणि हे व्हाइटहेडचे पान एकाच विद्यापीठात उलटले जात होते.

खानदेशातली पहिली नोंद

माझ्या माहितीप्रमाणे आपल्या मुलखात व्हाइटहेडची पहिली गंभीर नोंद घेतली गेली ती मुंबईत नाही, पुण्यातही नाही. ती अमळनेरला. अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेले की लागणाऱ्या या गिरणीच्या गावात श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. मिलमालकाने तत्त्वज्ञानासाठी वास्तू, ग्रंथालय आणि अभ्यासवृत्ती द्यावी, हे आज सांगितले तर दंतकथा वाटेल. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिराच्या ओढीने. शाळेत शिकवू लागले ते नंतर.

मंदिराचा मूळ हेतू अद्वैत वेदान्ताचा अभ्यास. तिथले घ. र. मलकानी पक्के वेदान्ती. जे खरे आहे ते बदलत नाही आणि जे बदलते ते खरे नाही, ही त्या वास्तूतली हवा. त्याच हवेत राहून रासविहारी दास या बंगाली अभ्यासकाने व्हाइटहेडच्या तत्त्वज्ञानावर इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला छापले गेले. व्हाइटहेड तेव्हा हयात होता आणि जगात त्याच्यावरची पुस्तके अजून मोजकीच होती. त्याआधी, १९३३ मध्ये, मलकानी, दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ या एकाच विषयावर पुस्तक काढले होते. यातल्या मूर्तींनी पुढे माध्यमिक बौद्ध विचारावरचा आपला नावाजलेला ग्रंथ लिहिला. एका छताखाली एक अचलाचा पुरस्कर्ता, एक प्रक्रियेचा अभ्यासक आणि एक शून्यवादाचा भाष्यकार. संवाद म्हणतात तो हाच.

पण त्याची भाषा इंग्रजी होती आणि वाचक विद्यापीठांतले. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या अमळनेरकरांपर्यंत त्यातले काय पोचले असेल? मराठीत हा विचार जिवंत झाला तो दुसऱ्या वाटेने. ती वाट न्यूयॉर्कहून निघते आणि औरंगाबादला येते.

कोलंबिया ते नागसेनवन

जॉन ड्यूई १९०४ पासून कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथे होते आणि त्यांनी ड्यूईंचे वर्ग केले. ड्यूईंना व्हाइटहेडसारखी मोठी विश्वरचना मांडायची नव्हती, पण घर एकच होते. जग अजून पुरे झालेले नाही, ज्ञान म्हणजे प्रयोग, लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, आणि अढळ निश्चिततेचा हव्यास हा तत्त्वज्ञानाचा जुना आजार, हे ड्यूईंचे सांगणे. एडिनबरोच्या गिफर्ड व्याख्यानांसाठी व्हाइटहेडनंतर पुढच्याच वर्षी उभे राहिले तेही ड्यूईच.

१९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला. भाषणाच्या शेवटाकडे ते हिंदू समाजाला बजावतात, की स्थिर, शाश्वत, सनातन असे काही नसते, हे तुम्ही एकदा मान्य करा. बदल हा जसा माणसाच्या आयुष्याचा कायदा, तसाच समाजाच्याही. प्रक्रियेचा विचार इथे पहिल्यांदा पोथीतून उठून गावकुसापर्यंत आला. प्रश्न ग्रहगोलांचा राहिला नाही, जातीचा झाला. जात जर ‘वस्तू’ असेल तर तिच्यापुढे डोके आपटायचे. ती ‘घडणे’ असेल, म्हणजे रोज कुणीतरी ती घडवत असेल, तर ती थांबवता येते.

१९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादला सुरू झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि पदवीसाठी इथल्या मुलांची धाव हैदराबादेकडे असे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे कॉलेजचे नाव झाले मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचे नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी विद्यार्थी जिथे बसणार त्या संस्थेला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि उत्तर देणाऱ्याचे नाव दिले झाडांना, मोकळ्या जागेला. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली रथाची गोष्ट प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे? एकेक करत राजाच्या लक्षात येते की सुट्या भागांपलीकडे ‘रथ’ नावाचा वेगळा पदार्थ नाही. माणसाचेही तसेच. पण माझ्या मते दिव्याची गोष्ट याहून सरस आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी पेटलेली ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? नाही. मग वेगळी का? तसेही म्हणता येत नाही, कारण रात्रभर एकच दिवा जळत होता. ‘तोच’ आणि ‘दुसरा’ या दोन शब्दांच्या मधली जागा नागसेनाने शोधून काढली. प्रक्रियेचा विचार राहतो तो त्याच जागेत.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत आला. तो मराठीत आणणाऱ्या अनुवादकांपैकी एक होते मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यात अनित्यतेचा जो अर्थ लावला आहे, तो मला या सबंध शतकाच्या कथेचा गाभा वाटतो. आपल्याकडे अनित्य म्हटले की क्षणभंगुर, मग संसार असार, मग कीर्तनातला उसासा. स्मशानवैराग्य घरी येईपर्यंत टिकते आणि कारभार पूर्ववत सुरू होतो. बाबासाहेबांनी तोच शब्द उलटा धरला. शून्यता म्हणजे नास्ती नव्हे. गोष्टी अनित्य आहेत म्हणूनच वाढ शक्य आहे, बदल शक्य आहे, उद्याचा माणूस आजच्यापेक्षा वेगळा असणे शक्य आहे. सगळे नित्य असते तर पोर पोरच राहिले असते आणि दास दासच.

विज्ञानाशी संवादही याच ग्रंथात आहे आणि तो धीट आहे. आत्मा नाही, मग पुनर्जन्म कशाचा? या जुन्या कोड्याला त्यांनी महाभूतांची आणि ऊर्जेची भाषा लावली. देह विघटित होतो, त्यातली द्रव्ये निसर्गातल्या द्रव्यसमूहाला मिळतात, ऊर्जा नष्ट होत नाही. त्या अर्थाने पुनर्निर्मिती, आत्म्याचा प्रवास नाही. आज कुणी भौतिकशास्त्रज्ञ या मांडणीत फटी दाखवू शकेल. पण त्यामागची शिस्त पाहण्यासारखी आहे. १९५० मध्येच ‘महाबोधी’ मासिकातल्या लेखात त्यांनी अट घातली होती, की जगायचे असेल तर धर्माने बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असले पाहिजे. धर्म राहील, पण दुरुस्तीला खुला राहील.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ते विमानप्रवासात असतानाच ड्यूई वारले. गुरूची भेट हुकली. नागसेनवनात तेव्हा बांधकाम चालू होते.

‘आमच्याकडे होतेच’

इथवर आले की सभेत कुणीतरी उठून म्हणतो, हे सगळे आमच्याकडे आधीपासून होतेच. पडेगावचा माणूस या मोहात लवकर पडतो, कारण रस्ताच तसा आहे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. वेरूळला पहिली बारा लेणी बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. क्षणिकवाद, चैतन्यवाद आणि अनेकान्त एकाच कातळात. उगवणे, नष्ट होणे आणि टिकून राहणे या तिन्ही गोष्टी प्रत्येक वस्तूत एकाच वेळी चालतात, हे जैन विचाराने फार नेमकेपणाने मांडले आहे. ज्ञानेश्वर याच जिल्ह्यातल्या आपेगावचे. ‘अमृतानुभवा’त ते जगाला भ्रम म्हणून झटकत नाहीत, चैतन्याचा विलास म्हणतात. भ. पं. बहिरट यांचे ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावरचे इंग्रजी पुस्तक १९५६ मध्ये, बाबासाहेबांच्या धर्मांतराच्याच वर्षी आले.

नातेसंबंध आहेत, पण ती एकच वस्तू नव्हे. ज्ञानदेवांच्या विलासात नवे काही निर्माण होत नाही. पूर्णच पूर्णत्वाने खेळते. व्हाइटहेडला हवी होती नवता, कालपर्यंत नव्हती अशी. बौद्ध क्षण मावळतो तो दुःखाच्या साखळीत. त्या साखळीतून सुटायचे असते. व्हाइटहेडचा क्षण मावळताना पुढच्यासाठी काही ठेवून जातो आणि त्यात त्याला सार्थक वाटते. शिवाय त्याला देव लागतो, बुद्धाला लागत नाही. हे फरक पुसून ‘सगळे एकच’ म्हणणे ही संवादाची सुरुवात नाही, तो संवाद गुंडाळण्याचा मार्ग आहे.

वेरूळने मला शिकवले ते वेगळेच. दहाव्या लेण्याच्या चैत्यगृहात छताला दगडी फासळ्या आहेत. लोक त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात ते उगीच नाही. त्या फासळ्या कसलाही भार पेलत नाहीत. लाकडी चैत्यगृहांत तशी वासे-तुळयांची रचना गरजेची होती. कातळात तिची गरज संपली, तरी ती आली. भूतकाळ वर्तमानात जातो तो असा, गरज संपल्यावरही आकार होऊन. व्हाइटहेडने यासाठी एक अवघड शब्द घडवला होता. मला त्याचा अर्थ त्या छताखाली मान वर करून उभा असताना कळला.

वादाची सवय

१९५६ नंतरच्या काळात जगात या विचाराला घर मिळाले ते अमेरिकेत. जपानमध्ये जन्मलेल्या जॉन कॉब या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये क्लेरमाँटला डेव्हिड ग्रिफिनबरोबर या विचाराचे अभ्यास केंद्र काढले, आणि १९८२ मध्ये ख्रिस्ती आणि बौद्ध धर्मांनी एकमेकांमुळे बदलावे, असे सुचवणारे पुस्तक लिहिले. कॉब डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरीला दीड-दोन महिने उरले असताना गेले. विज्ञानाच्या बाजूने इल्या प्रिगोजीन उभे राहिले. त्यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते भोवऱ्यासारख्या रचनांच्या अभ्यासासाठी. ऊर्जा वाहत असते तोवर या रचना टिकतात, प्रवाह थांबला की मोडतात. पाण्यातला भोवरा वस्तू आहे की घडणे? आणि तोच प्रश्न पेशीला, शहराला विचारला तर?

मराठीत याच काळात काय चालले होते? १९७४ मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत आला, ते मोठेच काम. मे. पुं. रेगे धर्माकडे सहानुभूतीने आणि चिकित्सेने पाहत होते. दि. य. देशपांडे नागपूरहून विवेकवादाची खडी बाजू मांडत होते. त्यांच्या ‘आजचा सुधारक’मध्ये १९९० पासून चाललेले वाद ही मराठी गद्याची श्रीमंती आहे. १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव फिरली. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. पत्रिका पाहून हुशार मूल आणि मतिमंद मूल ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांच्या उत्तरांत बरोबर निघालेली उत्तरे निम्म्याहूनही थोडी कमीच भरली. नाणे उडवून काम भागले असते. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला.

ज्या समाजात अशी हत्या होते, तिथे विज्ञान आणि धर्म यांच्यातले बोलणे बहुतेक कोर्टातल्या उलटतपासणीच्या सुरात चालते, आणि ते समजण्यासारखे आहे. चमत्कार खरा की खोटा, एवढे ठरवायचे असते. ते ठरवलेच पाहिजे. पण त्या गडबडीत दुसरा प्रश्न मागे राहिला, की विज्ञान जे जग दाखवते त्यात मूल्याला, करुणेला, अर्थाला जागा कुठली? नागसेनवनात तो प्रश्न एकदा विचारला गेला होता. नंतर आपण तो उत्सवी भाषणांवर सोपवला.

आंब्याचा चोर

या विचारावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप मात्र नेहमी व्यवहारातून येतो. सगळेच जर बदलत असेल, कालचा मी आज उरलो नसेन, तर काल केलेल्याचा जाब कुणाला विचारायचा?

मिलिंदाने हेच विचारले होते. नागसेनाने आंब्याच्या चोराचा दाखला दिला. पकडला गेल्यावर चोर म्हणतो, मालकाने लावली ती कोय, मी नेले ते फळ. दोन वेगळ्या वस्तू, मग चोरी कसली? राजा हसतो आणि म्हणतो, शिक्षा होणारच, कारण ते फळ त्या कोयीतूनच आले. ‘तोच नाही’ म्हणून सुटका नाही, कारण साखळी तुटलेली नाही.

मराठवाड्यात हा दाखला मला नामांतराजवळ आणून सोडतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. मधली जवळजवळ सोळा वर्षे ही प्रक्रियाच होती, आणि ती माणसांच्या जिवावर झाली. आज कुणी म्हणेल, ती पिढी वेगळी होती, आमचा काय संबंध? आंब्याचा चोर हेच म्हणाला होता.

प्रक्रियेचा विचार माणसाला मोकळे करतो, हे अर्धेच खरे. तो जबाबदारी रुंद करतो, हे उरलेले अर्धे. आपण एकेकटे कण नसू तर मागचे आपल्यात आलेले आहे आणि आपले पुढच्यात जाणार आहे.

घंटागाडी

आता सुरुवातीची उधारी फेडतो.

व्हाइटहेडच्या पुस्तकातली एक गोष्ट मला बरेच दिवस अडली होती. तो म्हणतो, प्रत्येक नवा क्षण सगळ्या भूतकाळाला सामोरा जातो, पण सगळेच आत घेत नाही. काही घेतो, काही नाकारतो. आणि नाकारणे हेदेखील घेण्याइतकेच खरे काम आहे, त्याचीही खूण त्या क्षणावर राहते. मला वाटे, नाकारलेले तर गेले, त्याची खूण कसली?

मग एके सकाळी दारात उभा राहून वेगळे करत होतो. भाजीची देठे इकडे, पिशव्या तिकडे. ज्या दिवशी घाई झाली आणि सगळे एकत्र गेले, त्या दिवशीच्या ढिगाचे खत होत नाही, तो नुसता कुजतो. प्रक्रिया केंद्रात काहीतरी घडते ते दारातल्या वेगळे करण्यामुळे. बदल आपोआप होतो. कुजणे हाही बदलच. प्रक्रियेसाठी मात्र कुणालातरी वाकून निवडावे लागते.

बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार शंका मांडल्या होत्या: बुद्धाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा पटते का, चार आर्यसत्ये मुळातली का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा, भिक्खू नेमका कशासाठी. अडीच हजार वर्षांची परंपरा त्यांनी ओंजळीत घेतली ती अशी वेगळी करत. काय घेतले याबरोबर काय घेतले नाही, याचीही खूण त्या धम्मावर आहे, आणि परंपरावादी बौद्ध आजही तीवरून वाद घालतात. घालू देत. वाद चालू आहे तोवर ढीग कुजलेला नाही.

शंभर वर्षांचा हिशेब मी इतपतच मांडू शकतो. एडिनबरोच्या रिकाम्या होत गेलेल्या सभागृहात एका गणित्याने जे सांगितले, ते अमळनेरच्या ग्रंथालयातून आले तेव्हा पुस्तकच राहिले. न्यूयॉर्कच्या वर्गातून निघून नागसेनवनात पोचले तेव्हा ते माणसांच्या कामी आले, कारण तिथे कुणीतरी ते निवडून घेतले होते.

उद्या गाडी साडेसातला येईल. गाणे वाजायला लागले की मी दोन्ही डबे घेऊन खाली जाईन.